माणिक अण्णा, तो नारळ अजून कोनाड्यातच आहे

माणिक अण्णा,

अन्याय तुमच्यावर झाला. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, मारुतीच्या पारावर, ऊन नुकतंच पायऱ्यांना लागलं होतं तेव्हा. करणारं सगळं गाव होतं आणि माझे बाबा त्यात पुढं होते. हे मी आधीच सांगून टाकते. कारण तुम्ही गेल्यापासून जो तो एकच सांगतोय, अण्णांचं वय झालं होतं, डोळे गेले होते, चौकटीला अडखळून पडले. अडखळलात, खरं आहे. सकाळी दूधवाली आली तेव्हा तुम्ही उंबऱ्यात होतात. पण तो उंबरा तुम्ही दिवाळीआधीच कायमचा ओलांडणार होतात. तुमची पत्र्याची ट्रंक भरून, वर घोंगडी घडी घालून ठेवलेली होती. ती अजून तशीच आहे. तुमच्या लेकीनं, उषाताईनं, परवा उघडली तर आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि तुमचे दोन धुतलेले सदरे. एवढंच सामान घेऊन निघाला होता माणूस, आणि त्याला निघता आलं नाही.

तुमचं रान आणि आमचं रान, मधे एकच बांध. त्या बांधावरच्या बोरीची बोरं तुमच्या बाजूला पडली तरी आमची आणि आमच्या बाजूला पडली तरी आमची, असा माझा लहानपणचा कायदा होता आणि तुम्ही तो मान्य केला होता. पुढं मी मोठी झाले, पत्रकं काढायला लागले, पवनचक्कीच्या दलालांच्या मागं लागले, तेव्हा गावात माझ्यासाठी खळ शिजवणारे तुम्ही एकटे. ज्वारीचं पीठ, पाणी, वर चिमूटभर मोरचूद, म्हणजे मुंग्या लागत नाहीत. चुलीपुढं बसून ढवळत म्हणायचात, "वाच. काय लिव्हलंयस ते तरी कळू दे चिकटवायच्या आधी."

मी वाचायचे. तुम्ही ऐकायचात.

"लई वरडतंय गं तुझं पत्रक. म्हस हाकलल्यावानी."

"अन्याय झालाय अण्णा. ओरडायचं नाही?"

"वरड की. पर अधीमधी दम घे. ऐकणाऱ्याला बी कायतरी बोलायचं असतंय."

आज मी दम घेत घेत लिहायचा प्रयत्न करतेय. जमेलच असं नाही.

सगळ्याचं मूळ ती पट्टी. तुम्हाला मी काय सांगणार, पण हे वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना ते ठाऊक नसेल, म्हणून सांगते. गावाच्या खालच्या अंगाला दोघा चुलतभावांची रानं आणि त्यांच्यामध्ये एका म्हातारीची काही गुंठ्यांची पट्टी. पिकत काही नव्हतं तिच्यात. पण विहिरीकडं जाणारी वाट तिच्यातून होती. म्हातारी लेकाकडं पुण्याला निघाली आणि तिनं पट्टी विकायला काढली. ज्याला पट्टी मिळेल त्याला वाट मिळणार, दुसऱ्याला आयुष्यभर वळसा पडणार. दोघं पारावर समोरासमोर बसले. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं वाढवायचं. मधे चहा आला, तो निवला. शेवटी थोरल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून धाकटा उठला आणि चप्पल न घालताच घरी गेला. थोरल्यानं पट्टी घेतली, वाटेवर बोरीची काटी लावली आणि तिच्यात आजपर्यंत मूठभर हरभरासुद्धा पेरला नाही.

ती खुन्नस होती. तिला गावानं भाव म्हटलं.

त्याच दिवशी नबीभाईच्या हॉटेलात हिशोब झाला. कुणीतरी म्हणालं, गुंठ्याला एवढं तर एकराला किती? नबीभाई फडका मारता मारता म्हणाला, "चालीस से गुन लो ना. हिसाब साफ है." कुणीतरी सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर गुणाकार केला. उत्तर वाळायच्या आत गावभर झालं. काळी असो, बरड असो, वाट असो नसो, पाणी असो नसो, सगळ्या शिवाराला तो आकडा लागला. त्या संध्याकाळी गाव श्रीमंत होऊन घरी गेलं.

तो आकडा मी इथं लिहीत नाही. लिहिला की उद्या कुठल्यातरी दुसऱ्या हॉटेलात हा कागद वाचला जाईल आणि तो त्या गावाचा भाव होईल.

तुम्ही तेव्हा हसला होतात. "पट्टीवाल्यानं वाटंची किंमत दिली गं," म्हणालात. "रानाची न्हाय. माझ्या माळावर तर कुणाची वाट अडवायची म्हटली तरी अडवता येत न्हाय. शेरडं बी फिरकत न्हायत." आणि नळयोजनेची मोजणी करायला दोन पोरं ती तिपाई घेऊन आली, गावाला वाटलं रस्ता जाणार, आणि आकडा आणखी चढला, तेव्हाही तुम्हीच म्हणालात, "तीन पायाचं जनावर दिसलं आन भाव वाढला. चार पायाचं आलं असतं तर काय झालं असतं?" पारावरची माणसं हसली. पण उतरवला कुणीच नाही आकडा. चढलेला आकडा खाली घ्यायचा म्हणजे आपल्याच हातानं आपला फेटा काढून ठेवायचा.

मग तुमचे डोळे गेले. म्हणजे सगळे नाही, कडांनी काळोख येत गेला, तुम्ही म्हणायचात, "मधलं दिसतंय, बाजूचं खाऊन टाकलंय कुणीतरी." चहात साखरेऐवजी मीठ पडलं, त्यावर तुम्ही हसलात. विहिरीच्या काठावर पाय सटकला, त्यावर हसला नाहीत. उषाताईचं तामलवाडीला हायवेला चहा-नाष्ट्याचं हॉटेल. ती म्हणत होती, या. जावई म्हणत होता, या. आणि तुम्ही म्हणायचात, "जावयाच्या दारात बसंन, पर खाट माझी पायजे." हॉटेलाच्या मागं एका खोलीची जागा मिळत होती. रान विकायचं, खोली घ्यायची, बाहेर खाट टाकायची, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या ऐकत बसायचं. एवढंच मागणं होतं तुमचं. मी एवढी पत्रकं काढली, एवढ्या मागण्या लिहिल्या, पण इतकी साधी मागणी मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

आणि गिऱ्हाईक आलंसुद्धा. तालुक्याच्या वाशीचा रिटायर कंडक्टर. त्याला सीताफळाची बाग करायची होती आणि सीताफळाला तुमच्या रानातल्यासारखाच मुरूम लागतो. तो माणूस तुमच्या रानात उकिडवा बसला, हातानं माती उकरली, दगड वर काढून खाली ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, जागा बेस हाय. मी एवढं देऊ शकतो. जास्तीचं बोलत न्हाय, कमीचं ऐकत न्हाय." तुम्ही त्याच्या तोंडाकडं डोळे बारीक करून बघितलंत. मग म्हणालात, "तिकीट फाडा." दोघंही खदखदून हसलात. इसार म्हणून त्यानं हातावर नोट ठेवली, सोबत नारळ आणि टोपी. मी साक्षीला होते. रास्त भाव होता अण्णा. त्या मातीला तेवढाच भाव होता.

पण आपल्याकडं रीत आहे. बांधाला बांध लागून असलेल्याला आधी विचारायचं, मग परक्याला द्यायचं. रीत चांगली आहे, मी आजही तेच म्हणते. शेजाऱ्याचा पहिला हक्क. तुम्ही रीत पाळायला म्हणून पारावर गेलात.

"रान द्यायचं ठरवलंय," तुम्ही म्हणालात. "घेतो का कुणी बांधकरी?"

"कितीला?" बाबांनी विचारलं.

तुम्ही सांगितलंत.

"गुंठ्याचा सांगताय व्हय अण्णा, का एकराचा?" मागून कुणीतरी.

"एकराचा."

कुणी हसलं नाही. बाबा उठून पुढं आले. "अण्णा, तुमी जाताल तामलवाडीला. आमी हितंच ऱ्हाणार. तुमी एकदा भाव पाडला की आमच्या रानाला कोण इचारतंय?"

"आता तरी कोण इचारायलंय रं?"

यावर मात्र हशा पिकला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "पोराची सोयरीक जमायलीय. पावण्यांना म्या रानाचा भाव सांगून बसलोय. उद्या त्यांनी चौकशी केली, शेजारचं कितीला गेलं, तर काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगून पोरगी देत्यात का आजकाल?"

मागच्यांनी माना डोलावल्या. कारण अण्णा, तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी लग्नाचं पोरगं आहे. मला तेव्हा बाबांचा राग आला, अजून आहे. पण त्यांचा आवाज मला माहीत आहे. तो दादागिरीचा नव्हता. तो घाबरलेल्या माणसाचा होता.

मी हातपंपापाशी उभी होते. मी तिथूनच म्हणाले, "मग बाबा, तुम्ही घ्या अण्णांचं रान. तुम्ही सांगता त्या भावानं. कुणीही घ्या."

भाव सगळ्यांचा होता, गिऱ्हाईक त्यातलं कुणीच नव्हतं. मग कुणीतरी नेहमीचं बोललं, "तू मोर्चे काढ बाई. ह्यो व्यवहार हाय." आणि तुम्ही, अण्णा, तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "गप गं पत्रकवाली."

नारळ बाबांनीच आणला. मारुतीपुढं ठेवला, कुंकू लावलं. ठरलं की या शिवारातलं रान भावाखाली कुणी द्यायचं नाही. एकेकानं पुढं होऊन नारळावर हात ठेवला. ज्यांची काळी आहे त्यांनी, ज्यांची बरड आहे त्यांनी, नबीभाईच्या नावावर ओढ्याकडं एक तुकडा आहे, त्यानं लांबून छातीला हात लावून मान हलवली. शेवटी तुमची पाळी आली. तुम्हाला नारळ नीट दिसला नाही. तुमचा हात आधी कुंकवाच्या वाटीत गेला, मग नारळावर. तो नारळ कोनाड्यात ठेवला. फुटेपर्यंत शपथ चालू. तुम्ही त्याच दुपारी वाशीला जाऊन कंडक्टरला इसार, नारळ, टोपी परत केलीत. टोपी तेवढी त्यानं घेतली नाही. "ऱ्हाऊ द्या, ऊन लई हाय," म्हणाला म्हणे.

तुमच्याशी माझं खरं भांडण हेच आहे. तुमचा हात कुणी धरून ओढला नव्हता. मी बघत होते. मी बोलले होते, आणखीही बोलले असते, तुम्ही मला गप्प केलंत. का?

हे मी एकदाच विचारलं. संक्रांत झाली होती. तुम्ही म्हणालात, "त्या कंडक्टरनं कुठंतरी रान घेतलंय म्हणं. मला दाखीव." मी तुम्हाला स्कूटीवर मागं बसवलं. सगळ्या वाटेनं तुम्ही माझ्या खांद्याला धरून विचारत होतात, कुठं आलो, आता कुठं आलो. मधे लांबून धडाम धडाम आवाज आला तेव्हा तुम्हीच म्हणालात, "तेरखेडा." फटाके करून बघत होते कुणीतरी. "आपल्या भावावानीच. आवाज लई," असं म्हणून स्वतःशीच हसलात.

कंडक्टर बांधावरच भेटला. त्याची सवय गेली नव्हती. "या, या, पुढं सरका, जागा हाय," म्हणत त्यानं बाजेवर जागा केली. सीताफळाची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. तुम्ही बसला नाहीत. हात पुढं करून एकेका रोपापाशी वाकत गेलात. एक पान तोडलंत, चुरगाळलंत, नाकापाशी धरलंत. तो उग्र वास मला लांबून आला. "ही माझ्या माळावर लागायची व्हती," तुम्ही म्हणालात. रागानं नाही. एखाद्या पोराचं नाव सांगावं तसं.

"मला तुमचीच जागा पसंत व्हती अण्णा," कंडक्टर म्हणाला. "हितं पाणी लांब पडतंय."

परत येताना मी विचारलं. तुम्ही मागून म्हणालात, "तुझ्या पत्रकात जमीन विकू नका, विकू नका असंच आसतंय. इकणाऱ्याला जागाच न्हाय त्यात."

"ते दलालांना विकू नका म्हणून आहे."

"वाचणाऱ्याला तेवढं बारीक कळत न्हाय. मला एक सांग. जी इकता येत न्हाय ती माझी कशी?"

"अण्णा, हात तुम्हीच ठेवलात."

मी हे वळणावर बोलले. तुमचा चेहरा मला दिसत नव्हता. खांद्यावरचा हात तेवढा जरा सैल झाला. गाव येईपर्यंत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, कुठं आलो. दारात उतरलात, चौकटीवर हात फिरवून उंबरा शोधलात आणि म्हणालात, "उद्या खळ लागती का?"

"या आठवड्यात पत्रक नाही अण्णा."

"बरं," म्हणालात.

नंतरही भेटलो आपण. बोरं, ऊन, डोळ्यात घालायचे थेंब, असलं बोललो. पण ते बोलणं तिथंच राहिलं. मला अजून वाटतं की दलालांच्या बाबतीत माझं पत्रक बरोबर आहे. आणि मला हेही वाटतं की तुमच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. दोन्ही गोष्टी घेऊन मी तुमच्या चुलीपुढं यायला हवं होतं, असं लिहायला सोपं आहे. भांडण मिटलं नसतंच. तुम्ही मिटवणारे नव्हता, मीही नाही.

माझ्या त्या ‘का’चं उत्तर मला तुम्ही गेल्यावर मिळालं आणि ते मला आवडलेलं नाही.

उषाताईनं सांगितलं. नारळ ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला फोन केला होता. म्हणालात, "जरा कळ काढ पोरी. समदं गाव म्हणायलंय तर कायतरी आसंलच. जमीन भावात गेली ना, तर तुझ्या हाटेलावर वरचा माळा चढवू. तुझ्या नावानं कायतरी ऱ्हाईल."

म्हणजे तुम्हीसुद्धा, अण्णा. पारावर हसणारे तुम्ही, वाटेची किंमत आणि रानाची किंमत वेगळी असते हे मला शिकवणारे तुम्ही, तुम्हीही आतल्या आत चाळीसनं गुणत होतात. मला फार राग आला. तुमच्या भरलेल्या ट्रंकेपुढं बसून मी तुमच्यावर चिडले. मेलेल्या माणसावर चिडणं किती फजितीचं असतं, तुम्ही एक शब्द परत बोलत नाही.

मग मला ते रान आठवलं. जन्मभर लोकांनी त्याला बरड म्हटलं. वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी काळी घेतली आणि तुमच्या वाट्याला माळ टाकला. उषाताईच्या लग्नात पाहुण्यांनी तोंडावर विचारलं होतं, "ते दगडाचं रान तुमचंच का?" त्या दगडांना पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं किंमत दिली होती. खोटी दिली, चहात बोट बुडवून दिली, पण दिली. ती परत करायला कुणाचा हात उचलेल? बाबांचंही तेच. तो आकडा ठरल्यापासून बाबा बाजारात ताठ चालतात. मी त्यांना इतकं ताठ कधी बघितलं नव्हतं. हा भाव खिशात येत नाही, पण पाठीत शिरतो. म्हणून तो खाली यायला कुणीच तयार नाही. विकणाऱ्याला विकता येत नाही, घेणाऱ्याला घेता येत नाही. शिवणकाम करणाऱ्या काकूंना वाशीत दुकान टाकायचंय, त्या थांबल्यात. धाकटा चुलतभाऊ विहिरीला वळसा घालून जातो, त्याला सगळंच विकून जायचंय, तोही थांबलाय. सगळं गाव आपापल्या बांधाच्या आत श्रीमंत होऊन बसलंय आणि दार आतूनच लावून घेतलंय.

तुमच्या दहाव्याला ओढ्यावर सगळे आले होते. पिंड उषाताईनं ठेवला. कावळे होते, समोरच्या लिंबावर बसले होते, पण खाली येत नव्हते. कावळ्याला काही कळतं यावर माझा विश्वास नाही, तसं मी एकदा छापलंही आहे आणि त्याचीही खळ तुम्हीच केली होती. पण तिथं उभं राहिल्यावर माणूस बोलायला लागतोच. जावई पुढं झाला, "उषाला काही कमी पडू देणार न्हाय." कावळा नाही. पुतण्या म्हणाला, "दिवाबत्ती आमी करू." कावळा नाही. ऊन वाढलं. तेव्हा बाबा पुढं झाले. दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं, हे मी बघितलंय, खोटं लिहिणार नाही. आणि ते म्हणाले, "अण्णा, काळजी करू नका. तुमचं रान भावाखाली आमी जाऊ देणार न्हाय."

एक कावळा लिंबावरून उडाला आणि ओढ्यापलीकडं गेला.

मला हसू आलं अण्णा, तुमच्या दहाव्याला, सगळ्यांसमोर. तुम्हीही हसला असता. मग मी हसू आवरलं, कारण बाबा मनापासून बोलत होते. तुमच्यावर त्यांचं प्रेम होतं. तुम्हाला बांधून ठेवणारी गाठ त्यांनी प्रेमानं आणखी घट्ट केली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आंघोळीला गेले.

काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण ते मी एकटीनं बोलून खरं झालं नसतं. नारळावर माझा हात नाही. मला कुणी ठेवू दिला नाही, बाईमाणसाचा हात कशाला म्हणून. ज्यांचे हात आहेत त्यांनाच ते बोलता येईल.

माझ्या भावाची सोयरीक मोडली, हे तुम्हाला कळवायचं राहिलं. रानाच्या भावामुळं नाही. पाहुण्यांनी शेजारच्या रानाची चौकशीसुद्धा केली नाही. मुलीनं सांगितलं, मला खेड्यात राहायचं नाही. बस्स. ज्या कारणासाठी तुम्हाला अडवलं ते कारणच उरलं नाही, आणि नारळ कोनाड्यात आहे.

मी काल जाऊन बघितला. हातात घेऊन हलवला. आतलं पाणी आटलंय. खोबरं सुटून करवंटीत खुळखुळ वाजतं.

खळ कशी करायची ते मी शिकलेय. मोरचूद जास्त पडतो अजून. हा कागद त्याच खळीनं लावणार आहे, पारावर, वाशीच्या स्टँडवर, नबीभाईच्या भिंतीवर. ओरडून लिहिला असेल तर माफ करा. दम घेतला होता मी, तुम्ही सांगितलं होतं तसा.

आता तुमच्याकडं पाठ करून, हे वाचणाऱ्यांशी बोलते.

बांधकऱ्यांनो, रान आता उषाताईचं आहे. तिला ते विकायचंय. कंडक्टरचा मेहुणा विचारतोय, तोच मुरूम, तोच रास्त भाव. ती मला विचारते, "बाबांची शपथ माझ्यावर लागते का गं?" तिला या उंबऱ्यात अडकवून ठेवू नका. येत्या शनिवारी सकाळी पारावर या. ज्यानं ज्यानं नारळावर हात ठेवला त्यानं यावं. भाषण नको, ठराव नको, आकडा तर अजिबात नको. कोनाड्यातून तो नारळ काढा आणि पायरीवर आपटा. मग उषाताईला तोंडानं सांगा, तुझं रान, तुला पटेल त्याला, पटेल तेवढ्याला दे.

बाबा, नारळ तुम्ही ठेवला होता, पहिला मान तुमचा. आणि बाबा आले नाहीत, तर हे वाचणारे तुम्ही पुढं व्हा. फोडा तो नारळ.